गावपळण आणि जीवनाचा अर्थ



मनुष्य कशासाठी जगतो, या प्रश्नाचा खल थोर पंडितांनी आपल्या ग्रंथांतून केला आहे. परंतु ज्यांच्या हाती ग्रंथ कधी आला नाही, त्या आपल्या पूर्वजांनाही हा प्रश्न पडतच होता. आणि त्याचे उत्तर त्यांनी शब्दांत न मांडता चालीरीतींत मांडून ठेवले. अशाच एका चालीचा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने अल्पमतीप्रमाणे करावयाचा आहे. ती चाल म्हणजे गावपळण.

मालवण तालुक्यातील आचरे, चिंदर व वायंगणी या गावांत ही प्रथा तीन-चार वर्षांच्या अंतराने पाळली जाते. वैभववाडी तालुक्यातील शिराळे गावी ती दरसाल होते. आचऱ्यास श्रीदेव रामेश्वराला कौल लावितात. पाषाणास लाविलेली कळी उजवी पडली की देवाची आज्ञा झाली असे समजून बारा-पाच मानकरी दिवस ठरवितात. त्या दिवशी नौबत वाजली की सारा गाव वेशीबाहेर पडतो. गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे यांसुद्धा माणसे माळावर किंवा खाडीकाठी झावळ्यांच्या व गवताच्या झोपड्यांत तीन दिवस, तीन रात्री काढतात. बाजार बंद, शाळा बंद, चूल थंड. हिंदूंबरोबर गावचे मुसलमान बांधवही बाहेर पडतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यावयाचा आणि देवाने होकार दिला की घरी परतावयाचे. डिसेंबर २०२४ मध्ये आचरे गाव असाच रिकामा झाला होता.

या प्रथेची कारणे नाना प्रकारे सांगितली जातात. ते तीन दिवस गाव भुताखेतांना मोकळा सोडावयाचा असतो, असे वृद्ध सांगतात. शत्रू चालून आला असता गाव कसा सोडावा, याची ही तालीम होय, असे कोणी म्हणतात. घरे व विहिरी काही दिवस मोकळ्या राहून हवा शुद्ध व्हावी, साथीचे रोग हटावेत, हा हेतू नवशिक्षितांना पटतो. मी शिक्षक म्हणून नवा होतो तेव्हा यांपैकी पहिले कारण तेवढे घेऊन, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, असे वर्गात ठासून सांगत असे.

माझे हे मत एका प्रसंगाने पालटले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातील किती घरांची चूल त्या गिरण्यांवर पेटत होती, हे वाचकांस सांगावयास नको. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील, आपल्याच ज्ञातीतील एक कामगार, नोकरी गमावून गावी परतले. लोक काय म्हणतील या लाजेने ते महिनोन्महिने चावडीकडे फिरकले नाहीत की देवळाची पायरी चढले नाहीत. त्यानंतर जी पहिली गावपळण आली, तिच्यात मात्र त्यांना घराबाहेर पडणे भागच होते. माळावर पाहतात तो, चिरेबंदी वाड्याचा मालक आणि कुडाच्या खोपीत राहणारा, दोघेही शेजारी शेजारी झावळ्या बांधीत होते. त्या तीन दिवसांत घर कोणालाच नव्हते. त्यामुळे बेघर झाल्याची लाजही कोणास उरली नव्हती. दुसऱ्या रात्री भजनात त्या गृहस्थांनी टाळ हाती घेतला.

मी त्यांच्या वृद्ध मातोश्रींना विचारले, "आजी, ह्या सगळ्याचा अर्थ काय?" त्या म्हणाल्या, "मास्तरानू, घर आपला नाय, देवाचा. तीन दिस तेचा तेका दिवक व्हया." माझ्या सर्व पाठ्यपुस्तकांत मिळून जे नव्हते, ते या दोन वाक्यांत होते.

हा विचार केवळ आपल्याच गावांपुरता आहे असे नव्हे. कोकणचे मराठीभाषी बेने इस्राएल ज्या धर्माचे अनुयायी, त्या यहुदी धर्मातही सात दिवस पर्णकुटीत घालविण्याचा सण आहे. पूर्वजांनी चाळीस वर्षे अरण्यात काढली, त्यांचे स्मरण म्हणून तो पाळतात. पंढरीचा वारकरी घरदार मागे ठेवून वाट चालतो, त्यातही हेच सूत्र आहे. देव निराळे, भाषा निराळ्या. परंतु धर्म माणसास तीन गोष्टी शिकवितो, असे दिसते. जे माझे म्हणतो ते माझे नाही. जे गेले त्याने मी संपत नाही. आणि मी एकटा नाही. या तीन गोष्टी ज्याच्या मनात रुजल्या, त्याला संकटातही जगण्याचे प्रयोजन सापडते.

अर्थात्, श्रद्धेच्या नावाखाली जे जे चालते ते सर्व स्वीकारावे, असे माझे म्हणणे नाही. आजारी माणसास वा बाळंतिणीस माळावरच्या थंडीत नेण्याचा हट्ट धरणे म्हणजे धर्म नव्हे. मानपानाच्या वादापायी भाऊबंद कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, तेथे देव उरतो कोठे? तसेच, भुतांचे भय दाखवून मुलांना घराबाहेर काढण्यापेक्षा, आपण हे का करतो याचा अर्थ त्यांस सांगणे अधिक बरे. भय वयाबरोबर ओसरते. समजलेला अर्थ मात्र पुढल्या पिढीच्या हाती देता येतो.

आज आपली कित्येक कुटुंबे मुंबई, ठाणे, पुणे येथे स्थायिक झाली आहेत. गावचे घर कुलूपबंद आहे आणि त्याच्या हिश्शावरून भावाभावांत बोलणे नाही, अशी उदाहरणे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. अशा कुटुंबांना माझी नम्र विनंती आहे की, पुढील गावपळणीला एकदा तरी मुलाबाळांसह यावे. ज्या घरासाठी आपण भांडलो, ते तीन दिवस देवाच्या स्वाधीन करून माळावर एका झोपडीत एकत्र बसावे. चौथ्या दिवशी कौल होऊन परतताना घर तेच असेल. त्यात शिरणारी माणसे थोडी निराळी असतील, असा माझा विश्वास आहे.

इत्यलम्.