अर्थशास्त्र, विज्ञान आणि तंत्रज्ञानाची मोफत ई-पुस्तके : कुठे मिळतात, कशी शोधायची?

धनज आणि कारंजा तालुक्यातील आसपासच्या गावांतून अनेक मुले-मुली पदवीसाठी कारंजा, अकोला, अमरावतीला जातात. अभ्यासक्रमाच्या शेवटी 'संदर्भ ग्रंथ' म्हणून पाच-सहा पुस्तकांची यादी असते. त्यातील एका इंग्रजी पुस्तकाच्या किमतीत शेतमजुराची कित्येक दिवसांची मजुरी जाते. शिष्यवृत्ती हातात येईपर्यंत सत्र संपलेले असते. मग गाईड आणि झेरॉक्स नोट्सवर परीक्षा निघते. पदवी मिळते, पण सेट-नेट, स्पर्धा परीक्षा किंवा चांगल्या विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसल्यावर मूळ पुस्तक न वाचल्याची उणीव कळते.

नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून आपला वाशिम जिल्हा आहे. येथे मोठी ग्रंथालये उभी राहतील तेव्हा राहतील. मात्र जगातील कितीतरी चांगली पाठ्यपुस्तके आज मोबाईलवर मोफत आणि कायदेशीररीत्या वाचता येतात. अडचण आहे ती माहितीची. म्हणून ही माहिती एकत्र देत आहे.

सुरुवात स्वतःच्या कॉलेजपासून

बाहेर शोधण्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांना एक प्रश्न विचारा : "सर, आपले कॉलेज एन-लिस्टचे सभासद आहे का?" गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना आहे. सभासद कॉलेजच्या विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिके आणि लाखाहून अधिक ई-पुस्तके वाचता येतात. वर्गणी कॉलेज भरते, विद्यार्थ्याला फक्त लॉगिन लागते आणि ते घरी बसूनही चालते. पण लॉगिन मागितल्याशिवाय मिळत नाही. अनेक विद्यार्थी तीन वर्षे शिकून बाहेर पडतात आणि हे नावही त्यांच्या कानावर पडत नाही. कॉलेज सभासद नसेल तर विद्यार्थ्यांनी मिळून प्राचार्यांना निवेदन द्यावे.

विद्यापीठात किंवा सरकारी महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दलही विचारावे. २०२५ पासून सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार आंतरराष्ट्रीय संशोधन नियतकालिके खुली झाली आहेत.

सर्वांसाठी खुली सरकारी दालने

कॉलेज सुटलेल्यांनाही पुढील ठिकाणे खुली आहेत.

* नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया : आयआयटी खरगपूरने उभारलेले हे ग्रंथालय जून २०१८ मध्ये देशाला अर्पण झाले. नोंदणी मोफत आहे. विषय, भाषा आणि इयत्तेनुसार चाळणी लावता येते. येथे दिसणारी प्रत्येक नोंद खुली नसते, म्हणून 'ओपन' असा उल्लेख पाहूनच पुढे जा.
* ई-ज्ञानकोश : इग्नूचे अभ्याससाहित्य. अर्थशास्त्राच्या बीए-एमएचे भाग पीडीएफमध्ये मिळतात, त्यातील बरेच हिंदीतही आहेत. पहिल्यांदा विषय समजून घ्यायचा असेल तर येथूनच सुरुवात करा. भाषा सोपी आहे आणि प्रत्येक भागानंतर प्रश्न दिलेले आहेत.
* ई-पीजी पाठशाला : विद्यापीठ अनुदान आयोगाचा उपक्रम. सुमारे ७० विषयांचे पदव्युत्तर साहित्य लहान लहान प्रकरणांत आहे.
* स्वयम् आणि एनपीटीईएल : आयआयटी व आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आणि टिपणे. शिकणे मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क लागते.
* शोधगंगा : भारतीय विद्यापीठांतील पीएचडी प्रबंध. आपल्या विषयावर आधी कोणी काय काम केले ते पाहण्यासाठी आणि संदर्भसूची मिळवण्यासाठी उपयोगी. प्रबंधातून मजकूर उचलू नका, त्यातील संदर्भांचा माग घ्या.

अर्थशास्त्र : बाबासाहेबांपासून आपल्या जिल्ह्यापर्यंत

बाबासाहेब प्रशिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण भाषणात सांगतो, पण त्यांचे अर्थशास्त्र वाचणारे आपल्यात कमी आहेत. महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी लेखन-भाषण मालेचा ६ वा खंड उघडा. ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व अर्थकारणावरील अभ्यास, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ आणि १९२३ चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे तिन्ही त्यात आहेत. लहान शेतजमिनींवरील १९१८ चा निबंध १ ल्या खंडात आहे. जमीन लहान आहे एवढेच दुखणे नाही, शेतीवर जगणाऱ्यांचा भार जास्त आणि भांडवल कमी आहे, म्हणून उद्योग वाढले पाहिजेत, असा त्याचा रोख आहे. दोन-तीन एकर कोरडवाहूत सोयाबीन-तूर घेणाऱ्या घरातील मुलाला हा निबंध परका वाटणार नाही. केंद्र सरकारच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानच्या आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळांवर हे इंग्रजी खंड मोफत उपलब्ध आहेत.

आजच्या पाठ्यपुस्तकांसाठी दोन नावे लक्षात ठेवा. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स'चे 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' पूर्ण पुस्तक म्हणून उतरवून घेता येते. 'कोअर इकॉन' या प्रकल्पाचे 'द इकॉनॉमी' विषमता, बेरोजगारी आणि पर्यावरण या प्रश्नांपासून अर्थशास्त्र शिकवते. संशोधनपर ग्रंथांसाठी 'डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स' आणि जागतिक बँकेचे खुले भांडार पाहा. ॲडम स्मिथसारखे जुने ग्रंथ 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर आहेत.

आकडेवारीही मोफत आहे. रिझर्व्ह बँकेची सांख्यिकी पुस्तिका, केंद्राचा आर्थिक पाहणी अहवाल आणि राज्याची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' (ही मराठीतही निघते) वाचा. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढते. त्यातील वाशिमचे समालोचन प्रत्येक कार्यकर्त्याकडे असावे. तहसीलला निवेदन देताना आपल्या तालुक्याचे आकडे सोबत असले की बोलण्याला वजन येते.

विज्ञान आणि तंत्रज्ञान

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र यांची पदवी स्तरावरील पुस्तके ओपनस्टॅक्सवर आहेत. त्याहून अधिक विषय 'लिब्रेटेक्स्ट्स'वर सापडतील. एमआयटीच्या 'ओपनकोर्सवेअर'वर टिपणे आणि जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. भारतीय विज्ञान अकादमीच्या 'रेझोनन्स' या १९९६ पासून निघणाऱ्या मासिकाचे जुने अंकही वाचता येतात. बीएस्सीच्या विद्यार्थ्याने ते जरूर चाळावेत.

पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकीच्या मुलांना तर मराठीतच पुस्तके मिळतात. एआयसीटीईच्या 'ई-कुंभ' दालनात पदविका व पदवीची पाठ्यपुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत मोफत आहेत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पहिल्या वर्षी इंग्रजीमुळे मागे पडणाऱ्या मुलांपर्यंत ही एक गोष्ट पोहोचली तरी मोठे काम होईल.

मराठीतून पाया पक्का करा

अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके ई-बालभारतीवर आहेत. मुंबई आणि शिवाजी विद्यापीठांच्या दूरशिक्षण विभागांचे बरेच साहित्य मराठीत पीडीएफ स्वरूपात मिळते. संकल्पना अडली तर मराठी विश्वकोश उघडा. इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द हवा असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाईन आहेत. शाळकरी मुलांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची मराठी पुस्तके आहेत. आधी मराठीत प्रकरण वाचावे आणि मग तेच इंग्रजीत वाचावे. वेळ जास्त लागतो, पण इंग्रजीची भीती याच पद्धतीने जाते.

शोधताना आणि उतरवताना

१. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफपासून सावध राहा. पाने गाळलेली असतात, आवृत्ती जुनी असते आणि सोबत भलतेच ॲप येऊ शकते. 'मोफत पुस्तक' म्हणत बँक कार्डाचा नंबर किंवा ओटीपी मागणारे पान लगेच बंद करा.

२. पुस्तकावर 'क्रिएटिव्ह कॉमन्स'ची खूण आहे का ते पाहा. 'सीसी बाय' असे लिहिले असेल तर मूळ लेखकाचे नाव देऊन प्रती काढता येतात, वाटता येतात आणि मराठी अनुवादही करता येतो.

३. संशोधन लेखासाठी पैसे मागितले तर 'अनपेवॉल' वापरून त्याची खुली प्रत शोधा. तरीही न मिळाल्यास लेखकाला नम्र ई-मेल लिहा. बरेच अभ्यासक आनंदाने प्रत पाठवतात.

४. झेरॉक्सचा न्यूनगंड नको. अभ्यासक्रमापुरत्या उताऱ्यांच्या प्रती काढणे हा शिक्षणासाठीचा वापर आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिला आहे.

विहारातील अभ्यासिका काय करू शकते?

प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर शोधत बसण्यापेक्षा गावाने एकदाच नीट काम करावे. विहारात जुना संगणक आणि एक हार्ड डिस्क ठेवा. खुल्या परवान्याची पुस्तके विषयवार फोल्डर करून उतरवून घ्या. नेटवर्क नसलेल्या दिवशीही ती वाचता येतील. एका मुलाने आणि एका मुलीने जबाबदारी घ्यावी, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती पाहावी. मोबाईल नसलेल्या मुलींसाठी संध्याकाळची ठराविक वेळ राखून ठेवा. घरात एकच फोन असला की तो आधी भावाकडे जातो, हे आपण सगळे जाणतो.

फाइल साठवली म्हणजे पुस्तक वाचले असे होत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा चार-पाच जणांनी बसून एकच प्रकरण वाचावे आणि एकाने ते मराठीत समजावून सांगावे. पहिल्या महिन्यासाठी लहान शेतजमिनींवरचा तो निबंध घ्या आणि शेजारी वाशिमचे समालोचन ठेवा. शंभर वर्षांपूर्वी मांडलेला प्रश्न आपल्या शिवारात आज कुठवर आला आहे, हे आपल्याच मुलांनी आकड्यांसह सांगावे.