रजेच्या रकान्यातले बाईपण

दिल्लीतील रामकृष्ण पुरम, म्हणजे बोलण्यातले आर. के. पुरम, ही प्रामुख्याने केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी वसवलेली वसाहत असल्याने तेथील नोकरदार बाईचे गरोदरपण घराइतकेच दप्तराच्याही हिशेबात येई. दिल्लीत १९५४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारी आरोग्य योजनेने दवाखान्याची सोय केली. रजेचा प्रश्न मात्र नियमपुस्तकाचा होता. १९७२ च्या रजा नियमांतील नियम ४३ नुसार मिळणारी प्रसूती रजा, म्हणजे बाळंतपणाची भरपगारी रजा, पूर्वी ९० दिवसांची होती; ती पाचव्या वेतन आयोगानंतर १३५ आणि २००८ मध्ये १८० दिवसांची झाली. सेवापुस्तकात तिची नोंद होते, पण रजेच्या खात्यातून ती वजा होत नाही, ही तरतूद बारीक असली तरी मोलाची. दोन हयात अपत्ये असलेल्या बाईला मात्र ती नाही. कुटुंबनियोजनाचे धोरण असे रजेच्या अर्जातही शिरले होते. २००८ मध्येच अठरा वर्षांखालील मुलांसाठी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आली. पाळी कायमची थांबण्याचा काळ, म्हणजे रजोनिवृत्ती, याला या नियमांत स्वतंत्र रकाना नाही; त्या वयातली बाई इतर रजांवरच भागवते.