विंचू, हृदय आणि महाड

कोकणात विंचवाचे भय जुने आहे. जांभ्या दगडाचे बांध, पेंढ्याच्या उडव्या, गोवऱ्यांचे ढीग ही लाल विंचवाच्या लपण्याची ठिकाणे. महाड-पोलादपूर भागात त्याच्या दंशाने धडधाकट मुले व तरुण दगावत. लोक म्हणत, 'विष चढले'. हे विष चढते म्हणजे नेमके काय होते?

या दंशानंतर फुफ्फुसात पाणी साचते, असे डॉ. मुंडले यांनी १९६१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कळवले होते. पण उपचाराची दिशा सापडत नव्हती. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. 'रायगड' हे नाव १९८१ सालचे. त्यांच्याजवळ मोठी यंत्रसामग्री नव्हती. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या यांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. त्यातून एक क्रम दिसू लागला. आधी उलट्या, दरदरून घाम, मुलग्यांत शिश्नाची ताठरता; मग हातपाय गार, रक्तदाब वाढलेला; आणि काही तासांनी धाप व तोंडाला गुलाबी फेस. हृदयावरील संकटाची पूर्वसूचना देणारी ही लक्षणे १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली.

येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. दंशाच्या जागी असह्य वेदना, पण घाम वा उलटी नाही, असा रुग्ण बहुधा सुखरूप राहतो. वेदना फारशी नसलेला, पण घामाने भिजून गार पडलेला रुग्ण मात्र धोक्यात असतो.

याचे कारण मज्जातंतूंत आहे. मज्जापेशींवरील सोडियमची सूक्ष्म दारे संदेश गेल्यावर मिटतात. विष ती मिटू देत नाही. संदेश अखंड सुटत राहतात आणि अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात. पंप जोरात चालू असावा आणि पुढे पाण्याच्या नळीवर कुणी पाय द्यावा, तशी हृदयाची गत होते. हृदय थकते, रक्त मागे तुंबते आणि त्यातील पाणी फुफ्फुसात झिरपते.

एवढे कळल्यावर जुन्या उपचारांतील दोष उघड झाला. घाम थांबावा म्हणून अॅट्रोपिन देत. पण त्याने हृदयाचा उरलासुरला लगामही सुटे. गरज होती ती नळीवरचा पाय काढण्याची. रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी नेमके तेच करते. रक्तवाहिन्यांवरील ज्या जागी अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये चिकटतात, त्या ती अडवते. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरील लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यावर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

शोध तेथेच थांबला नाही. विंचवाची प्रतिलस उपलब्ध झाल्यावर महाडमध्येच ७० रुग्णांवर तुलना केली गेली. निम्म्यांना केवळ प्राझोसिन, निम्म्यांना जोडीला प्रतिलस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ८, तर दुसऱ्यात ३२. हा अहवाल २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. डॉ. हिंमतरावांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

हृदयरोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शहरातील मध्यमवयीन माणूस आणि अतिदक्षता विभाग येतो. आरोग्याचे धोरणही पुष्कळदा त्याच चित्रावर आखले जाते. पण शेतमजुराच्या मुलाचे हृदय वाचवणे हे ती गोळी गावाजवळच्या आरोग्य केंद्रात आहे की नाही, आणि तेथील डॉक्टरला लक्षणांचा क्रम ठाऊक आहे की नाही, यावर ठरते. सर्पदंशासाठी केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. विंचूदंशाच्या नोंदीकडेही त्याच गांभीर्याने पाहायला हवे, असे आम्हांस वाटते.

शाळेत सांगण्याजोगे थोडकेच आहे. दंशावर चिरा घेऊ नये, आवळून बांधू नये. दंशाची वेळ टिपून घ्यावी. घाम, उलटी, गार हातपाय यांपैकी काही दिसताच आरोग्य केंद्र गाठावे. गोळी मात्र घरी देऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, रुग्णाला आडवे ठेवूनच द्यावी लागते.