सोनेरी महाल

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, पाहुणे आले की आपण त्यांस बीबीचा मकबरा व पाणचक्की दाखवितो आणि परत फिरतो. लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सोनेरी महालापर्यंत फारच थोडे जातात. जे जातात, त्यांतील कित्येक तो औरंगजेबाचाच महाल समजतात. ही समजूत दूर व्हावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

हा वाडा सतराव्या शतकाच्या मध्यास बांधविला तो बुंदेलखंडातील पहाडसिंग ह्या सरदाराने. ओरछाच्या वीरसिंहदेवाचा हा पुत्र. इ. स. १६३५ मध्ये त्याचा भाऊ जुझारसिंग याने बादशहाविरुद्ध बंड केले. ते मोडण्यास धाडलेल्या फौजेचे नाममात्र आधिपत्य सोळा-सतरा वर्षांच्या औरंगजेबाकडे होते. पुढे १६४१ साली शहाजहानने ओरछाची गादी पहाडसिंगास दिली, आणि त्याच औरंगजेबाबरोबर दक्षिणेत येऊन ह्या बुंदेल्याने येथे घर बांधले! ह्यास स्वामिनिष्ठा म्हणावे की राज्य राखण्यासाठी पत्करलेली चाकरी, हे वाचकांनीच ठरवावे.

मलिक अंबरने १६१० साली वसविलेली खडकी पुढे मोगलांच्या दख्खनचे मुख्य ठाणे झाली. सरदार लवाजम्यानिशी येऊन राहिले व त्यांच्या नावांचे पुरे वसले. करणपुरा, जयसिंगपुरा ही नावे त्यांतलीच. महालाजवळचा पहाडसिंगपुराही तसाच.

महाल दुमजली आहे. उंच जोत्यावर दगड-चुन्याचे भक्कम काम, दर्शनी बाजूस पाकळीदार कमानी, पुढे प्रशस्त प्रांगण आणि प्रवेशाशी हत्तीखान्याचा दरवाजा. ज्या घराण्याने ओरछा व दतिया येथे मोठमोठे महाल उभारले, त्याच्या मानाने ही वास्तू साधीच म्हणावी लागेल. पण परमुलखातील बिऱ्हाड म्हणून ती थोडकी नव्हे. आत सोन्याच्या रंगात चित्रकाम होते, त्यावरून हे नाव पडले. ते काम काळाच्या ओघात गेले, दगड-चुना राहिला.

आपल्या ज्ञातीतील जुने वाडे पाडून त्या जागी सदनिका उठल्या. ते कोणी बांधले, हे तरी घरोघरी लिहून ठेवले आहे काय? सोनेरी महालाचे दैव बरे. तो राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात असून तेथे वस्तुसंग्रहालय आहे, आणि वेरूळ-अजिंठा महोत्सवाचे कार्यक्रमही त्याच्या प्रांगणात झालेले आहेत. मुलांस तेथे न्यावयाचे तर पहाडसिंगपुऱ्यातून पायी न्यावे, म्हणजे सरदाराचे नाव वस्तीत ऐकून मग त्याच्या दारी जाता येईल.