तळटीप : ‘पाच कॅम्पांचा संच’

* लेखकांनी येथे उल्हासनगरला ‘पाच कॅम्पांचा संच’ म्हटले आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले; ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींनी त्या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव दिले. कॅम्प १ ते ५ आजही पत्त्यांत चालतात. तरीही विधान काटेकोर नाही. या संचाचे घटक पाचच, म्हणजे कॅम्प. कॅम्पांतली माणसे त्याचे घटक नव्हेत. शहरात मात्र माणूस थेट शहराचाच असतो. शिवाय एक घटक गळाला की तो संच उरत नाही, दुसराच होतो. शहराचे तसे नाही : कल्याण महापालिकेत १९८३ साली आलेले अंबरनाथ १९९२ मध्ये वेगळे झाले, तरी महापालिका तीच राहिली.

‘सर्व संचांचा संच’ हा पुढचा प्रश्न याहून खोल आहे. असा संच मानला तर त्यातून स्वतःचे घटक नसलेले सर्व संच वेगळे काढता येतात; त्यांचा संच स्वतःचा घटक मानला तर नसतो, नाही मानला तर असतो. रसेलने १६ जून १९०२ च्या पत्राने हे फ्रेगेला कळवले, तेव्हा फ्रेगेच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात होता. झर्मेलोने १९०८ मध्ये नियम घातला : गुणधर्मावरून निवड करायची ती आधीच हाती असलेल्या संचातूनच. फॉन नॉयमानने अशा अवाढव्य समूहांना ‘वर्ग’ म्हणून जागा दिली, पण त्यांना कशाचेही घटक होऊ दिले नाही. मला हा मार्ग अधिक पटतो. ‘सर्व संच’ असे आपण बोलतोच, आणि त्या बोलण्याला अर्थ असतो. – संपा.