मधाची परीक्षा

परवा नातीचा फोन आला. "आजोबा, मध खरा आहे हे कसं ओळखायचं?" मी ऐटीत सांगितलं, पेल्यातल्या पाण्यात थेंब टाक, सरळ तळाशी गेला तर खरा. ती हसायला लागली. "अहो, साखरेचा घट्ट पाकही तळाशीच जातो!" इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण ही ऐकीव गोष्ट मी स्वतः कधी तपासली नव्हती. मग वाचत बसलो.

आमच्या लहानपणी दारावर मधवाला यायचा. बादलीत पोळं, वर चारदोन मेलेल्या माश्या. आई समोर पिळून घ्यायची, आणि थंडीत बरणीच्या तळाशी साखर धरली की म्हणायची, "फसवलं मेल्यानं." (आता कळतंय की अस्सल मधही थंडीत असाच गोठतो. बिचाऱ्याला उगाच शिव्या बसल्या.)

भेसळ रसायनशास्त्राने पकडण्याची कथा रंजक आहे. फ्रेडरिक अक्कुम या लंडनमध्ये राहणाऱ्या जर्मन रसायनज्ञाने १८२० साली त्यावर पुस्तक काढलं. लोणचं हिरवंगार दिसावं म्हणून तांब्याचे क्षार, मिठाईच्या रंगात शिसं, असलं सगळं त्यात होतंच, वर दोषी व्यापाऱ्यांची नावंही छापली! महिन्याभरात हजार प्रती खपल्या. पण लवकरच ग्रंथालयातल्या पुस्तकांची पानं फाडल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि त्याने इंग्लंड सोडलं. पुढे डॉ. हॅसल यांनी सूक्ष्मदर्शक घेऊन तेच काम नेटाने केलं, आणि १८६० साली तिथे कायदा झाला. आपल्याकडे तो १९५४ साली आला.

मधाचं प्रकरण जास्त चिवट. ऊस आणि मका हवेतला कार्बन ज्या रीतीने घेतात, ती मधमाश्या ज्यांवर जातात त्या बहुतेक झाडांपेक्षा वेगळी असते. त्यामुळे जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण मोजलं की उसाची साखर उघडी पडते. भेसळवाल्यांनी मग तांदळाचा आणि बीटाचा पाक काढला. ही झाडं फुलझाडांच्याच पंक्तीतली, चाचणी फसली!

म्हणून आता चुंबकीय अनुनाद. एमआरआयमागचं तत्त्व तेच. त्यातून मधाचा जणू अंगठ्याचा ठसा मिळतो, आणि हजारो नमुन्यांवर शिकवलेला संगणक तो ठसा ताडून बघतो. दिल्लीच्या सीएसई संस्थेने २०२० साली तेरा ब्रँडचे मध तपासले. देशातल्या नेहमीच्या चाचण्यांत बहुतेक पास, पण जर्मनीतल्या प्रयोगशाळेत ही चाचणी झाल्यावर सगळ्यांत उतरले फक्त तीन! कंपन्यांनी अर्थातच ते मान्य केलं नाही.

त्यांच्या आक्षेपांतला एक मात्र मला विचार करायला लावतो. संगणकाकडे भारतीय मधाचे पुरेसे नमुने आहेत का? विद्यार्थ्याला धडा शिकवलाच नाही तर उत्तर कुठून येणार? आमच्या महाबळेश्वरकडची कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. तिचा मध नमुन्यांत नसला, तर जंगलात राबणाऱ्या माणसाचा अस्सल माल परका ठरायचा, आणि पाकवाला हुशार असेल तर तो सुटायचा.

नातीला एवढंच सांगितलं की, ओळखीच्या मधपाळाकडून घे आणि बाटलीवर गाव, महिना, फूल लिहून घे. ती म्हणाली, "पण आजोबा, त्यानेही खोटं लिहिलं तर?"

अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.