सकाळी नऊपर्यंत साखळी मोकळी

१ ऑगस्ट १९७८, मंगळवार. त्या दिवसापासून न्यूयॉर्क शहरात कुत्रे फिरवायला नेणाऱ्या प्रत्येकाच्या मागे एक नवे काम लागले. कुत्र्याने रस्त्यावर, फूटपाथवर किंवा बागेत घाण केली तर ती मालकानेच उचलायची, नाही तर १०० डॉलरपर्यंत दंड. आज जगातल्या अनेक शहरांच्या हे इतके अंगवळणी पडले आहे, की त्यासाठी कधी कोणी भांडले असेल असे वाटतही नाही. पण या साध्या नियमापायी न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षे शेजारी शेजाऱ्याशी भांडत होते. सभा उधळल्या जात होत्या आणि नगरसेवक या विषयाला हात लावायला घाबरत होते.

भांडण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच का पेटले, हे समजायला थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकातले न्यूयॉर्क घोड्यांचे शहर होते. लाखाहून अधिक घोडे रोज रस्त्यावर असत आणि त्यांच्या लिदीचे ढीग कोपऱ्याकोपऱ्यावर साचत. त्या ढिगांपुढे कुत्र्याच्या घाणीकडे लक्ष जाणार तरी कोणाचे? तेव्हा कुत्र्यांची भीती होती ती पिसाळण्याची, आणि त्यावरचा शहराचा इलाज क्रूर होता. भटकी कुत्री पकडून कोंडवाड्यात ठेवत. १८७७ च्या उन्हाळ्यात अशी शेकडो कुत्री लोखंडी पिंजऱ्यात भरून ईस्ट नदीत बुडवली गेली. त्याच वर्षी त्याच शहरात वेस्टमिन्स्टरचा पहिला श्वानमेळा भरला. उच्चभ्रूंची कुत्री बक्षिसे घेत होती आणि गल्लीतली कुत्री पाण्याखाली जात होती. हेन्री बर्ग यांनी १८६६ मध्ये स्थापन केलेल्या प्राणिक्रूरताविरोधी संस्थेने पुढे १८९४ मध्ये भटक्या कुत्र्यांचे काम स्वतःकडे घेतले आणि ते थेट १९९४ पर्यंत सांभाळले.

मोटारी आल्या आणि घोडे गेले. कर्नल जॉर्ज वेअरिंग यांनी १८९५ पासून पांढऱ्या गणवेशातल्या झाडूवाल्यांची फौज उभी करून रस्ते लख्ख करायला सुरुवात केली होतीच. रस्ता स्वच्छ झाल्यावर मग कुत्र्याने केलेली घाण नजरेत भरू लागली. १९३० च्या दशकात पालिकेने पाट्या लावल्या: कुत्र्याला फूटपाथवर बसवू नका, कडेच्या गटाराजवळ न्या. म्हणजे घाण करायला हरकत नव्हती, फक्त जागा बदलायची होती. ती उचलायची कोणी, याबद्दल पाटी गप्प होती. चाळीस वर्षे शहराने त्या पाटीवर भागवले.

१९६० च्या दशकात गुन्हे वाढले. एकट्या राहणाऱ्या बायका, म्हातारी माणसे, दुकानदार अशा सगळ्यांना सोबतीला आणि राखणीला कुत्रा हवासा वाटू लागला, आणि तोही मोठा. शहरात पाच लाखांच्या आसपास कुत्री असावीत असा अंदाज वर्तवला जाऊ लागला. ही कुत्री अंगणात बांधलेली नव्हती. दहाव्या-बाराव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती राहत होती आणि दिवसातून दोनदा त्यांना खाली न्यावेच लागे. खाली मोकळी जागा होती ती फूटपाथ आणि बाग. १९७५ मध्ये शहराचे दिवाळे निघण्याची वेळ आली आणि सफाई कामगारांची कपात झाली. ज्या बागेत पोर रांगायचे, तिथेच शेजारच्या जिन्यातला अल्सेशियन बसायचा आणि ते उचलायला कोणीच येत नव्हते.

या काळातले सगळ्यात ठळक नाव म्हणजे फ्रॅन ली. त्या अभिनेत्री होत्या आणि दूरचित्रवाणीवर ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्या म्हणून घराघरात ओळखल्या जात. त्यांनी ‘आधी मुले, मग कुत्री’ असे सांगणारी संघटनाच काढली. त्यांचा मुद्दा वैद्यकीय होता. कुत्र्याच्या आतड्यातल्या टॉक्सोकारा नावाच्या जंताची अंडी विष्ठेतून मातीत जातात. माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलाच्या पोटात ती गेली तर क्वचित अळी डोळ्यापर्यंत पोचते आणि दृष्टी जाऊ शकते. हा धोका खरा आहे. पण ली जितक्या भयंकर स्वरात तो मांडत, तितके रुग्ण दिसत नव्हते, आणि कुत्रेवाल्यांनी नेमके तेच धरून ठेवले. एका जाहीर सभेत ली यांच्यावर कुत्र्याची विष्ठा फेकण्यात आली. त्या मागे हटल्या नाहीत. पुढे घाण उचलण्याचा कायदा आला तेव्हा त्यांनी त्यालाही विरोधच केला, कारण त्यांच्या मते तो पुरेसा नव्हता. कुत्र्याने मालकाच्या घरातच सगळे उरकावे, सार्वजनिक जागेवर मुळीच नको, ही त्यांची मागणी होती.

दुसऱ्या टोकाला प्राणिप्रेमी संस्था होत्या. हा कायदा म्हणजे कुत्र्यांवर बंदी आणण्याची पहिली पायरी आहे, असे त्यांना वाटत होते. वाकता न येणाऱ्या वृद्धांनी काय करायचे, असा त्यांचा सवाल होता. लोक दंडाच्या भीतीने कुत्री रस्त्यावर सोडून देतील, अशी भीती त्या बोलून दाखवत. हे भय अगदीच निराधार म्हणता येत नाही. ज्यांनी पिंजऱ्यांचा इतिहास वाचलेला होता, त्यांना सोडलेल्या कुत्र्याचे पुढे काय होते ते ठाऊक होते.

शेजारच्या न्यू जर्सीतल्या नटली या छोट्या गावाने १९७१ मध्येच मालकाने घाण उचलावी असा ठराव केला होता. न्यूयॉर्कमध्ये महापौर लिंडसे यांच्या कारकिर्दीत असा प्रस्ताव आला आणि नगर परिषदेत अडकला. कुत्रेवाल्यांची मते मोठी होती आणि त्यांना दुखवायला कोणी तयार नव्हते. शेवटी शहराला जे जमले नाही ते राज्याने केले. राजधानी ऑल्बनीतल्या विधिमंडळाने १९७७ मध्ये कायदा केला. तो चार लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपुरता होता, म्हणजे रोख उघडपणे न्यूयॉर्ककडे होता. अंध व्यक्तींच्या वाटाड्या कुत्र्यांना त्यातून सूट होती. १९७८ च्या जानेवारीत महापौर झालेले एड कॉच या कायद्याचे उघड पाठीराखे होते आणि अंमलबजावणी त्यांच्या काळात सुरू झाली.

हे चालणार नाही असे बहुतेकांना वाटत होते. खून आणि दरोडे सोडून पोलिस कुत्र्यामागे फिरणार का, हा प्रश्न रास्त होता. पोलिस फिरलेही नाहीत. काम केले ते शेजाऱ्यांनी. पाटीवरच्या जुन्या नियमात दोष कोणाचा हे ठरत नसे. नव्या नियमात ते कोणालाही दिसत होते. हातात जुने वर्तमानपत्र किंवा पिशवी आहे की नाही, एवढेच बघायचे. खिडकीतली आजी, बाकावरचा म्हातारा, गाडी ढकलणारी आई असे सगळेच पहारेकरी झाले. दंडाच्या पावत्या थोड्याच फाटल्या, पण पिशवी न घेता बाहेर पडायची लाज वाटू लागली. या कायद्याचे खरे यश मला त्या लाजेत दिसते. बंदी घातली असती तर कुत्रेवाले आणि बाकीचे असे दोन तट कायमचे पडले असते. इंग्लंडमधल्या बर्न्लीत त्याच दशकात नेमके तसे घडले. नगरपालिकेने बागांत कुत्र्यांना मज्जाव केला, मालक मुद्दाम कुत्री घेऊन बागेत शिरले आणि प्रकरण कोर्टात गेले. पॅरिसने तिसरीच वाट धरली. १९८२ पासून तिथे पालिकेच्या मोटारसायकली फूटपाथवरची घाण यंत्राने ओढून घेत फिरू लागल्या. मालकाला काहीच करावे लागत नव्हते, म्हणून तो काहीच करेना. खर्च वाढत गेला आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसनेही मोटारसायकली मोडीत काढून दंडाचा मार्ग पत्करला.

घाणीचा प्रश्न बराचसा सुटल्यावर तंटा साखळीकडे वळला.

न्यूयॉर्कच्या आरोग्य संहितेनुसार सार्वजनिक जागी कुत्रा साखळीवर हवा आणि साखळी सहा फुटांपेक्षा लांब नको. पण मोठ्या कुत्र्याला सहा फुटांत व्यायाम होत नाही. १९८० च्या दशकात हेन्री स्टर्न उद्यान आयुक्त झाले. त्यांच्याकडे बूमर नावाचा गोल्डन रिट्रीव्हर होता. त्यांच्या काळात एक अलिखित सवलत रुजली: रात्री नऊपासून बाग बंद होईपर्यंत आणि पहाटे बाग उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत काही बागांच्या ठरावीक भागांत कुत्रा मोकळा सोडला तरी रखवालदार बघून न बघितल्यासारखे करत. कागदावर नियम तोच राहिला. टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेत १९९० मध्ये कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली शहरातली पहिली वेगळी जागा झाली, पण दिवस उजाडताना लांबलचक हिरवळीवर धावण्याची सर तिला नव्हती.

ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कात ही सवलत सर्वाधिक फुलली. ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या सेंट्रल पार्कच्याच जोडीने घडवलेल्या या ५२६ एकरांच्या बागेत ‘लाँग मेडो’ नावाची विस्तीर्ण हिरवळ आहे. १९८० च्या दशकात अंधार पडल्यावर तिथे पाऊल ठेवायला लोक कचरत. कुत्रेवाले मात्र ऊन असो वा बर्फ, रोज येत. आमच्या वर्दळीमुळेच ही बाग पुन्हा सुरक्षित झाली, असे ते सांगतात आणि त्यात तथ्य आहे. १९९७ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना काढली. ही मंडळी हिरवळीची निगा राखण्यात हातभार लावत, नऊ वाजले की एकमेकांना साखळ्या लावायची आठवण करत आणि महिन्यातून एका शनिवारी कॉफीसाठी जमत. शेजाऱ्यांची इतकी पक्की ओळख शहरात दुसरीकडे क्वचितच होत असेल.

क्वीन्समधल्या मिडल व्हिलेजमध्ये चित्र वेगळे होते. तिथल्या जुनिपर व्हॅली पार्कात पहाटे फेरी मारणाऱ्या ज्येष्ठांना मोकळ्या कुत्र्यांची धास्ती वाटे. ‘माझा कुत्रा काही करत नाही’ हे वाक्य ज्याच्या अंगावर कुत्रा धावून आलेला असतो त्याला कधीच पटत नाही. तिथल्या नागरिक संघटनेने २००६ मध्ये शहराला कोर्टात खेचले. कायद्यात साखळी सक्तीची असेल तर उद्यान खात्याने ती कोणत्या अधिकारात सैल केली, हा त्यांचा सवाल होता, आणि मला तो अगदी सरळ वाटतो. ३० नोव्हेंबरला न्यायाधीशांनी निकाल शहराच्या बाजूने दिला. पण सवाल हवेत राहू नये म्हणून आरोग्य मंडळाने डिसेंबरमध्येच संहिता दुरुस्त केली आणि २००७ मध्ये उद्यान खात्याने सवलतीचा रीतसर नियम केला. कुत्र्याचा परवाना आणि रेबीजची लस यांचा पुरावा जवळ असणे त्यात बंधनकारक झाले.

त्या वेळी समर्थकांनी एक आकडेवारी पुढे केली. १९७० च्या दशकाच्या आरंभी शहरात वर्षाला ३५ हजारांहून अधिक चाव्यांची नोंद होत असे. तीन दशकांनी ती संख्या चार हजारांच्या आसपास आली होती. याचे सगळे श्रेय सकाळच्या मोकळ्या वेळेला देणे घाईचे ठरेल, कारण दरम्यान रस्त्यावरची भटकी कुत्रीही कमी झाली होती. मात्र साखळी सोडल्याने चावे वाढले, असे म्हणायला जागा उरली नाही.

क्वीन्सची संघटना खटला हरली, तरी तिच्या भांडणामुळेच अलिखित गोष्ट लिहिली गेली. हे श्रेय तिला द्यायलाच हवे. लिहिलेला नियम असल्यावर शेजारी शेजाऱ्याला निदान पाटीकडे बोट दाखवून बोलू शकतो.

अर्थात बोट दाखवणाऱ्याला कोण कसे वागवेल, याची हमी पाटी देत नाही. २५ मे २०२० रोजी सेंट्रल पार्कच्या रँबल या झाडीच्या भागात क्रिस्टियन कूपर पक्षी पाहत होते. मे महिन्यात स्थलांतर करणारे पक्षी तिथे जमिनीवर उतरतात, आणि त्या भागात कुत्रा कोणत्याही वेळी साखळीवरच हवा असा नियम आहे. कुत्रा मोकळा सोडलेल्या एका स्त्रीला त्यांनी साखळी लावायला सांगितले. कूपर कृष्णवर्णीय आहेत. त्या स्त्रीने पोलिसांना फोन करून एक आफ्रिकी-अमेरिकी पुरुष आपल्याला धमकावत आहे असे सांगितले. कूपर यांनी मोबाइलवर केलेले चित्रीकरण जगभर पाहिले गेले. त्याच दिवशी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. तो फोन किती धोक्याचा ठरू शकला असता, हे त्यामुळे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही. जूनमध्ये न्यूयॉर्क राज्याने वंशाच्या आकसातून केलेल्या अशा खोट्या तक्रारींविरुद्ध कायदा केला. स्त्रीवरच्या खटल्यात साक्ष द्यायला मात्र कूपर यांनी नकार दिला. तिला पुरेशी शिक्षा झाली आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

हा इतिहास आपल्याकडच्या सोसायट्यांसाठी आज अगदी जवळचा आहे. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याची घाण न उचलणाऱ्याला ५०० रुपये दंड सांगितला आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सोसायट्यांना कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू देत नाहीत. त्याच सूचना मालकांना साखळी लावायला आणि घाण उचलायला सांगतात, आणि फिरवण्याच्या वेळा रहिवाशांनी आपसांत ठरवाव्यात असेही सुचवतात. तरीही बहुतेक ठिकाणी वाद सुरू होतो तो लिफ्टमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात, आणि बंदीच्या भाषेत. पुढची सर्वसाधारण सभा होईल तेव्हा हा विषय पत्रिकेवर घ्यावा. कुत्रेवाल्यांना आणि कुत्र्याला घाबरणाऱ्यांना एकत्र बसवावे, बागेतली मोकळी वेळ ठरवावी आणि ती फाटकाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावावी.